रीफ टँकसाठी ट्रेस एलिमेंट्सची बाटली घेताना लेबल कसं वाचायचं?

फोंड्याच्या एका हौशी गृहस्थांनी विचारलंय: "माझी २०० लिटरची रीफ टाकी (समुद्री पाण्यात प्रवाळ ठेवायची) आहे. मऊ कोरल, थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे दगडी कोरल), दोन-तीन एसपीएस (लहान पॉलिपचे दगडी कोरल). अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) दिवसाला साधारण १ डीकेएच घटते. ती कॅल्शियम क्लोराइड आणि सोड्याच्या द्रावणाने भरून काढतो, दोन्ही पावडरी घाऊक घेतल्या आहेत. महिन्यातून एकदा १० टक्के पाणी बदलतो. आयसीपी अहवालात (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी प्रयोगशाळेची चाचणी) लोह ०, मँगनीज ०, आयोडिन लिटरला २० मायक्रोग्रॅम आलं. दुकानात ट्रेस एलिमेंट्सच्या (सूक्ष्म मूलद्रव्यांच्या) दोन बाटल्या आहेत. एकीवर 'समुद्रातली ७० हून अधिक मूलद्रव्यं' एवढंच छापलंय, आकडा एकही नाही. दुसरीवर चार-पाच क्षारांची नावं आणि टक्के आहेत. दुकानदार पहिली घ्या म्हणतो. कुठली घेऊ? घटक न छापता बाटली विकणं कायद्यात बसतं का? आणि मिरामारच्या किनाऱ्यावरचं समुद्राचं पाणी आणून ओतलं तर हा सगळा खर्चच वाचणार नाही का?"

आधी उत्तर देऊन टाकतो. घ्यायचीच झाली तर दुसरी. पण आज, या अहवालावर, दोन्ही बाटल्या दुकानातच राहू द्या. तुमच्या टाकीत सूक्ष्म मूलद्रव्यं सगळ्यात जास्त जिथून येत असावीत ती जागा म्हणजे घाऊक पावडरीची पिशवी, आणि तिच्या लेबलाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही.

मी पणजी ते मडगाव पट्ट्यातल्या घरच्या आणि हॉटेलांच्या टाक्या सांभाळतो. त्या अनुभवावरून सांगतोय, पण काही गोष्टी टाकीगणिक बदलतात हे आधीच कबूल. फक्त मऊ कोरल असतील आणि दर आठवड्याला पाणी बदललं जात असेल तर ट्रेसच्या बाटलीची गरज सहसा पडतच नाही. टाकी एसपीएसनं भरलेली असेल, खप दिवसाला २-३ डीकेएच असेल, तर गणित निराळं. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर लावलेला असेल तर विरघळणाऱ्या कोरलच्या चुऱ्यातूनच बरंच काही परत पाण्यात येतं. गाळणीत सक्रिय कार्बन सतत चालू असेल तर आयोडिन त्यावर अडकत राहतं. मासे किती आणि त्यांना घालता काय, याचाही संबंध आहे, कारण माशांच्या खाद्यातून लोह, जस्त, तांबं रोज टाकीत पडतं आणि खाद्यात समुद्री शेवाळ असेल तर आयोडिनही. तुमची टाकी या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी बसते.

आता पहिली बाटली. "७० हून अधिक मूलद्रव्यं" हा दावा खोटा नसतो, अडचण तीच आहे. समुद्राच्या पाण्यात निसर्गातली जवळजवळ सगळी मूलद्रव्यं सापडतात. आगरवाड्याच्या मिठागरातलं चिमूटभर मीठ पाण्यात टाकलंत तरी त्या पाण्याबद्दल हेच वाक्य छापता येईल. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३ मायक्रोग्रॅम युरेनियम असतं, म्हणजे उघड्या समुद्राच्या पृष्ठभागावर लोह असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. तेही त्या सत्तरांत धरलेलंच असणार. किती मूलद्रव्यं आहेत याला काही अर्थ नाही. एका मिलिलिटरमध्ये कुठलं किती मिलिग्रॅम आहे, एवढंच आपल्या कामाचं, आणि नेमकं तेच तिथे नाही.

कायद्याचं म्हणाल तर बसतं. आपल्याकडे पॅकबंद मालावर काय छापायचं हे लीगल मेट्रॉलॉजी (पॅकेज्ड कमोडिटीज) रूल्स, २०११ सांगतात: मालाचं नाव, बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क, आयात माल असेल तर मूळ देश. घटकांची यादी खाद्यपदार्थांना सक्तीची, औषधांना त्यांचे वेगळे नियम. टाकीत ओतायचं द्रावण या दोन्हींत मोडत नाही. त्यामुळे एमआरपी वगैरे हा मजकूर जागच्या जागी असला की बाटली कायदेशीर, मग आत काय आहे ते लिहा अथवा नका लिहू. परदेशी बाटल्यांचंही फारसं वेगळं नाही. काही कंपन्या खतांच्या पिशवीवर असतं तसं "गॅरंटीड अनॅलिसिस" छापतात, ते त्यांनी आपणहून दिलेलं असतं असं धरून चला.

मग काहीजण म्हणतात, कंपनीचं सेफ्टी डेटा शीट उतरवून घ्या, त्यात सगळं कळतं. नाही कळत. त्या कागदावर फक्त धोकादायक घटक येतात, तेही ठराविक प्रमाणाच्या वर असतील तर. बहुतेक पदार्थांना ही मर्यादा १ टक्का, कर्करोगाशी संबंधित काहींना ०.१ टक्का. कोबाल्ट किंवा निकेल ०.०५ टक्के असेल तर शीटवर "धोकादायक घटक नाहीत" असं छापून येऊ शकतं. कारखान्यातल्या माणसाच्या हाताला ते द्रावण चालेल, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या अ‍ॅक्रोपोराला (एसपीएस कोरलला) चालेल का, हे त्या कागदाचं कामच नाही.

दुसऱ्या बाटलीवर निदान हिशोब करता येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तीन ओळी स्पष्ट दिसतात: पोटॅशियम आयोडाइड ०.१ टक्का, फेरिक ईडीटीए ०.२ टक्के, मँगनीज क्लोराइड ०.०५ टक्के. हे टक्के क्षाराचे आहेत, मूलद्रव्याचे नाहीत. इथेच बहुतेकांची गफलत होते. पोटॅशियम आयोडाइडच्या वजनात आयोडिन ७६ टक्के. ०.१ टक्का द्रावण म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम क्षार, त्यात ०.७६ मिलिग्रॅम आयोडिन. समुद्रात आयोडिन लिटरला साधारण ६० मायक्रोग्रॅम, तुमच्याकडे २०. कमतरता ४० ची, २०० लिटरला ८ मिलिग्रॅम. म्हणजे साडेदहा मिलिलिटर ओतलं की आयोडिन जागेवर.

पण त्या साडेदहा मिलिलिटरबरोबर लोहही येतं. फेरिक ईडीटीएच्या वजनात लोह साधारण १३ टक्के धरा. हिशोबाने पावणेतीन मिलिग्रॅम लोह टाकीत पडलं, म्हणजे लिटरला १३-१४ मायक्रोग्रॅम. समुद्राच्या वरच्या थरात ते १ मायक्रोग्रॅमच्याही खूप खाली असतं. यानं कोरल मरणार नाहीत. शेवाळाची मात्र चांगली सोय होईल, आणि पंधरा दिवसांनी तुम्ही काचेवरचं हिरवं खरवडत "फॉस्फेट कुठून आलं" असं विचाराल. मिश्र बाटलीचा हा स्वभावच आहे. आतलं प्रमाण कंपनीनं ठरवलेलं, तुमच्या टाकीनं नव्हे. एक गोष्ट वर आणायला गेलात की उरलेली चार पाहुण्यांसोबत पाहुणे यावेत तशी येतात.

आणि मँगनीज क्लोराइडची ओळ पुन्हा वाचा. कोणतं मँगनीज क्लोराइड? निर्जल असेल तर त्यात मँगनीज ४४ टक्के, पाण्याचे चार रेणू धरलेलं असेल तर २८ टक्के. लेबल गप्प आहे. मॅग्नेशियम क्लोराइड, स्ट्रॉन्शियम क्लोराइड, सगळ्यांच्या बाबतीत हाच घोळ. चांगल्या लेबलावर थेट मूलद्रव्याचा आकडा असतो, "आयोडिन म्हणून इतके मिलिग्रॅम प्रति मिलि" असा. "चिलेटेड" किंवा "सेंद्रिय संयुगं" असं मोघम लिहिलेलं असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा: कशाशी बांधलंय? ग्लुकोनेटसारखं काही असेल तर ते जिवाणूंचं खाद्यही आहे, म्हणजे तुम्ही नकळत कार्बन डोसिंगही (जिवाणू वाढवायला सेंद्रिय कार्बन घालणं) करताय.

अहवालातल्या शून्यांनी घाबरू नका. लोह आणि मँगनीज टाकीत पडल्यावर फार काळ पाण्यात राहतच नाहीत. थोडं शेवाळ आणि जिवाणू उचलतात, थोडं खडकावर बसतं, थोडं स्किमरच्या (फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राच्या) फेसातून बाहेर जातं. समुद्रातही त्यांची पातळी इतकी खाली असते की तिथपर्यंत आयसीपी-ओईएस (आयसीपी चाचणीच्या नेहमीच्या) यंत्राची नजर सहसा पोचत नाही. शून्य म्हणजे "यंत्राला दिसलं नाही", "टाकीत नाही" असं नव्हे. उद्या लोह ओतून परवा नमुना पाठवलात तरी तोच शून्य येऊ शकतो, आणि मग माणूस डोस वाढवतो. आयोडिनचा आकडाही दगडावरची रेघ समजू नका; ओईएसवर आयोडिन मोजणं अवघड जातं आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे सहज वेगळे येतात. शिवाय पाण्यात आयोडाइड किती आणि आयोडेट किती (आयोडिनची ही दोन रूपं), हे हा अहवाल सांगत नाही. एका अहवालावर मी कुठलंही ट्रेस सुरू करत नाही. दोन अहवाल, मध्ये सहा-आठ आठवडे, आणि दोन्हींत कल एकाच बाजूला असेल तर बघू.

आयोडिनचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडिन टाकीत घालू नका, ते जखमेचं औषध आहे आणि त्यात इतरही रसायनं असतात. लुगोल (आयोडिनचं द्रावण) वापरणारे बरेच आहेत, त्यांनी हिशोब करावा: ५ टक्क्यांच्या लुगोलमध्ये मोकळं आयोडिन आणि पोटॅशियम आयोडाइड मिळून मिलिलिटरला सुमारे १२६ मिलिग्रॅम आयोडिन असतं. एका थेंबात ६ मिलिग्रॅमहून जास्त. तुमच्या २०० लिटरला तो एक थेंब म्हणजे ३० मायक्रोग्रॅमची उडी, समुद्राच्या पातळीच्या निम्मी. "आठवड्याला चार थेंब, सगळेच घालतात" असं कोणी सांगितलं तर तो माणूस किती लिटरबद्दल आणि किती टक्क्यांच्या लुगोलबद्दल बोलतोय ते आधी विचारा.

आता पावडरींकडे. इथे जरा थांबतो.

तुमचा खप दिवसाला १ डीकेएच. कोरल सांगाडा बांधताना १ डीकेएच अल्कलिनिटीमागे साधारण ७ पीपीएम (लिटरला ७ मिलिग्रॅम) कॅल्शियम घेतात. २०० लिटरला रोज १.४ ग्रॅम कॅल्शियम झालं. दोन रेणू पाणी धरलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये कॅल्शियम २७ टक्के, म्हणजे रोज ५ ग्रॅमहून थोडी जास्त पावडर. वर्षाला १.९ किलो. याच हिशोबानं खाण्याचा सोडा वर्षाला २.२ किलो. ट्रेसची बाटली मिलिलिटरात मोजायची आणि या पिशव्या किलोत. त्यामुळे पिशवीतली अगदी बारीक भेसळसुद्धा बाटलीतल्या सगळ्या औषधाला भारी पडू शकते.

भेसळ म्हणजे कुणी मुद्दाम केलेली नव्हे. प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्या दुकानात जा (वेर्ण्याला औषधांचे कारखाने असल्यामुळे गोव्यात ती मिळणं कठीण नाही) आणि एआर (विश्लेषणासाठीच्या शुद्ध रसायनाच्या) ग्रेडची ५०० ग्रॅमची बाटली हातात घेऊन मागचं लेबल वाचा. वरती अ‍ॅसे, म्हणजे शुद्धता, "किमान ९८ टक्के" असं काहीतरी. खाली अशुद्धींच्या कमाल मर्यादांचा तक्ता: सल्फेट, लोह, अमोनिया, बेरियम, "हेवी मेटल्स अ‍ॅज लेड". ट्रेसच्या महागड्या बाटलीवर नसलेली माहिती या साध्या बाटलीवर असते! एलआर (साध्या प्रयोगशाळेच्या) ग्रेडवर हा तक्ता तोकडा होतो किंवा नुसता अ‍ॅसेच उरतो. टेक्निकल ग्रेडच्या गोणीवर तोही नाही. बर्फाच्या कारखान्यांना ब्राइनसाठी लागतं ते फ्लेक कॅल्शियम क्लोराइड स्वस्तात मिळतं म्हणून काहीजण आणतात. ते लोखंडी टाक्यांसाठी बनवलेलं असतं आणि त्यात गंजरोधक मिसळलेलं असू शकतं. तिकडे वळूच नका.

तक्त्यातली एक ओळ उदाहरणाला घेऊ. समजा "हेवी मेटल्स अ‍ॅज लेड, कमाल ०.००१ टक्का" असं आहे. हे शिसंच आहे असं नाही. ती एक सरसकट चाचणी आहे: सल्फाइडनं रंग देणारे सगळे धातू एकत्र धरून, ते शिसं असतं तर किती, एवढं ती सांगते. तांबंही त्यात येतं. ०.००१ टक्का म्हणजे किलोला १० मिलिग्रॅम. वर्षाच्या १.९ किलो पावडरीतून १९ मिलिग्रॅम. ते सगळं तांबंच आहे आणि पाण्याबदलाशिवाय दुसरीकडून काहीच बाहेर पडत नाही असं सर्वांत वाईट धरू. महिन्याला लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम वाढ, आणि महिन्याला १० टक्के पाणीबदल. ही पातळी चढत चढत ८० च्या आसपास स्थिरावेल. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर माशांना वेगळ्या टाकीत ठेवून तांब्याचा उपचार करतात तो १५० ते २०० मायक्रोग्रॅमचा, आणि त्या टाकीत झिंगा, गोगलगाय, कोरल काही ठेवत नाहीत. म्हणजे तुमची टाकी त्या वाटेवर निम्मी पोचलेली. समुद्रात तांबं १ मायक्रोग्रॅमच्याही खाली असतं.

आता तोच १० टक्के बदल दर आठवड्याला करा. त्याच पावडरीने पातळी १८ च्या आसपास थांबते. पावडर तीच, फक्त बादली चारपट वेळा उचलायची. प्रत्यक्षात खडक, शेवाळ आणि स्किमर बराच धातू उचलतात, पावडरही बहुधा कमाल मर्यादेपेक्षा स्वच्छ असते, त्यामुळे खरे आकडे खालीच राहतील. पण पाणीबदलानं सूक्ष्म मूलद्रव्यं "भरून निघतात" असं जे सगळे सांगतात त्यापेक्षा नको असलेली साचू न देणं हे त्याचं मोठं काम आहे असं माझं मत आहे. भरून निघण्याचं गणित तसं मंदच. तुमचं आयोडिन २० आणि नव्या पाण्यात ६० असेल तर १० टक्के बदलानं ते २४ होईल, बस्स.

म्हणून तुमच्या अहवालातले शून्य सोडा आणि तांबं, जस्त, निकेल, अ‍ॅल्युमिनियम, बेरियम या ओळी मला पाठवा. त्या तुम्ही लिहिल्याच नाहीत. सगळं ठीक असेल तर पावडर चांगली निघाली, तिचा बॅच नंबर लिहून ठेवा. तांबं-जस्त जोडीनं वर असेल तर पावडरीच्या आधी पितळेचा नळ, आरओचं पितळी जोडकाम किंवा गंजलेला पंपाचा स्क्रू शोधा. ओपाचं नळाचं पाणी असो की जांभ्या दगडातली विहीर, आरओनंतर डीआय (उरलेले आयन काढणारं) रेझिन हवंच आणि मीटरवर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचा आकडा) शून्य हवा. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर मेंब्रेन आधीच लालसर होऊन सांगते.

सोड्याची बाजू सोपी आहे. खाण्याचा सोडा अन्नासाठीच बनतो, त्याच्या शुद्धतेवर मला फारशी शंका येत नाही. फक्त बेकिंग पावडर आणू नका, त्यात आम्ल आणि पीठ असतं. धुण्याचा सोडा किराणा दुकानातून घेऊ नका, त्यात कधी सुगंध तर कधी साबण निघतो. पीएच वर हवा असेल तर खाण्याचाच सोडा ओव्हनमध्ये १५० अंशांवर तासभर भाजा, कार्बोनेट घरीच तयार. काहीजण दोन्ही द्रावणांऐवजी चुन्याची निवळी वापरतात. पद्धत उत्तम आहे, पण पानाचा चुना नको, प्रयोगशाळेचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या आणि तळाचा साका टाकीत जाऊ देऊ नका. धातूंचा बराच भाग त्या साक्यातच बसतो.

गोव्यात आणखी एक भानगड आहे, जी परदेशी पुस्तिकांत सापडत नाही. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल शोषून घेतं. जुलैत पिशवीचं तोंड एक रात्र उघडं राहिलं की सकाळी वरच्या थराला पाणी सुटलेलं असतं, चार दिवसांत खाली चिकट गोळा. त्यातून काट्यावर तोललेले १०० ग्रॅम म्हणजे किती कॅल्शियम आणि किती पावसाळा, कोण सांगणार? जूनमध्ये कॅल्शियम ४२० असतं ते ऑगस्टमध्ये ३८० वर येतं आणि माणूस टेस्ट किटला शिव्या देतो. उपाय सोपा. ५०० ग्रॅमची बाटली फोडलीत की त्याच दिवशी सगळी विरघळवून ५ लिटर द्रावण करा, कॅनवर तारीख घाला. पाण्यात पावडर थोडी थोडी सोडायची, उलटं नाही, कारण ती विरघळताना चांगलीच तापते. अशा द्रावणात मिलिलिटरला २७ मिलिग्रॅम कॅल्शियम येतं, तुमच्या खपाला रोज साधारण ५२ मिलि. पिशवी आधीच ओली झालेली असेल तर फेकायची गरज नाही. तिचं द्रावण करून थोडं मोजलेल्या आरओ पाण्यात पातळ करा, कॅल्शियमची टेस्ट घ्या, आणि आलेल्या आकड्यावरून डोस ठरवा.

तर आज तुमच्या जागी मी असतो तर आधी पावडरीचा ग्रेड बघितला असता, एआर किंवा आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जा) नसेल तर बदलली असती, आणि दोन महिने दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं असतं. मग दुसरा आयसीपी. तेव्हाही आयोडिन खालीच असेल आणि मऊ कोरल उघडत नसतील, तर फक्त आयोडिनची, मूलद्रव्याचा आकडा छापलेली बाटली घ्या. ते ८ मिलिग्रॅम एका दमात नको, आठवडाभरात वाटून. एक लक्षात असू द्या, रंग फिका पडण्यामागे ट्रेस कमीच वेळा असतं. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणून ठेवलेली टाकी असते बहुतेक वेळा, किंवा प्रकाश बदललेला असतो.

एकाच मूलद्रव्याबद्दल मी थोडा उदार आहे, ते म्हणजे स्ट्रॉन्शियम. कोरल ते कॅल्शियमबरोबर सांगाड्यात घेतात, जवळपास समुद्रात असतं त्याच प्रमाणात. तुमच्या खपाला दिवसाला लिटरमागे ०.१४ मिलिग्रॅम जातं, महिन्याला ४. समुद्रात एकूण ८ च्या आसपास असतं. तुमची कॅल्शियमची पावडर जितकी शुद्ध, तितकं हे लवकर घटणार, कारण कमी शुद्ध पावडरीत स्ट्रॉन्शियम आपसूक मिसळलेलं असतं. ओईएसवर ते छान मोजता येतं, म्हणून आकडा बघून डोस देता येतो. पावडर बदलल्यावर पुढच्या अहवालात ती ओळ आधी बघा.

पहिली बाटली तुम्ही घेऊनच ठेवली असेल तर ती तपासायचा एक मार्ग आहे. ताजं मिठाचं पाणी २० लिटर करा, त्यातला एक नमुना तसाच भरा. उरलेल्यात बाटलीवर लिहिलेल्या डोसच्या दहापट टाकून, ढवळून, दुसरा नमुना भरा. दोन्ही पाठवा. फरकाला दहानं भागलं की बाटलीत काय आहे ते कळलं, निदान यंत्राला दिसतं तेवढं. कुरिअर धरून खर्च बाटलीच्या किमतीच्या कितीतरी वर जाईल. मी हे एखाद्या मोठ्या टाकीच्या मालकानं हट्टच धरला तर करतो.

मिरामारच्या पाण्याचं. मिरामार मांडवीच्या मुखाशीच आहे. पावसात तिथलं पाणी किती गोडं होतं ते रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) लावून बघा, आणि रंग तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मांडवी आणि जुवारीतून वर्षानुवर्षं लोहखनिजाच्या बार्जेस मुरगाव बंदराकडे गेल्या आहेत, गाळात लोह आणि मँगनीज भरपूर. तुम्हाला अहवालात शून्य दिसलेली हीच दोन नावं, पण ती अशा वाटेनं यायला नकोत. पाणी आणायचंच असेल तर मार्च ते मे, बोटीने नदीमुखांपासून दूर जाऊन, लाट शांत असताना. क्षारता ३५ च्या जवळ आहे का ते तिथेच मोजायचं. घरी आणून अंधारात आठवडाभर ठेवायचं, बारीक फिल्टरमधून गाळायचं, आणि पहिल्या खेपेचा एक नमुना आयसीपीला. ग्रँड आयलंडकडे जाणारे आपले डायव्हर मित्र असतील तर त्यांना फक्त पाणीच आणायला सांगा. तिथल्या खडकावरचं दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तुटून पडलेला तुकडासुद्धा डब्यात घालायचा नाही.

डिझेल, बोटीचं भाडं आणि २० लिटरचे कॅन चढवण्या-उतरवण्याची मजुरी धरली तर चांगल्या सिंथेटिक मिठाची बादलीच स्वस्त पडते. बादलीवरचं लेबल बघून घ्या, काही कंपन्या बॅचनुसार तपासणीचे आकडे देतात.